वाऱ्याचा सातबारा

पुरस्कर्ता : आपण दोघेही रामदासपेठेत राहणारे, तेव्हा पवनचक्कीविषयी शंका काढणे आपल्याला किती स्वस्त पडते, हे मी प्रथमच सांगून टाकतो. आपल्या दिवाणखान्यातला दिवा ज्या कोळशावर जळतो तो कोराडी आणि खापरखेडा येथील भट्ट्यांत जातो, आणि त्या भट्ट्यांची राख आपल्या पेठेतल्या गच्च्यांवर क्वचितच उतरते. ती उतरते त्या केंद्रांच्या भोवतालच्या शिवारांत, विहिरींत आणि कन्हानच्या पाण्यात. 2022 च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखबंधारा फुटला तेव्हा करड्या चिखलाचा जो लोंढा शेतांत शिरला त्याचा पंचनामा झाला असेल, पण ज्या धोरणाने तो बंधारा त्या गावांच्या उशाशी नेऊन ठेवला त्या धोरणाचा पंचनामा कोणी केला नाही. चंद्रपूरला 2,920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र, वणी-उमरेडकडे उघड्या खाणी, आणि वीज मात्र सह्याद्रीपलीकडच्या कारखान्यांना, असा हा विदर्भाचा कित्येक दशकांचा व्यवहार आहे. अशा प्रदेशातल्या माणसाने, ज्या यंत्राला कोळसा लागत नाही, पाणी लागत नाही आणि राख टाकायला जागाही लागत नाही, त्या यंत्राला खेड्याच्या वेशीवर अडवून शंभर दाखले मागावेत, हे मला न्यायाचे वाटत नाही.

साशंक : शंभर दाखले मी मागत नाही; एकच मागतो. यंत्राविषयी माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती जागेच्या निवडीविषयी. आपल्या पेठेत एखाद्या जुन्या बंगल्याच्या जागी इस्पितळ उभे करायचे म्हटले तर झोन कोणता, समोरचा रस्ता किती रुंद, गाड्या कोठे राहणार, आगीचा बंब कोठून वळणार, याची नगररचना खात्याकडे विचारपूस होते. ती कितपत प्रामाणिकपणे होते हा प्रश्न निराळा, आणि गेल्या काही दशकांत या पेठेचे जे रूप पालटले त्याकडे पाहता त्याविषयी न बोललेलेच बरे; पण निदान विचारण्याची एक जागा आहे, एक नकाशा आहे, आणि त्या नकाशावर हरकत नोंदवण्याची एक मुदत आहे. खेड्यात मात्र आपल्या पाणी टाक्यांहून कितीतरी उंच, शंभर-सव्वाशे मीटरचा मनोरा उभा राहायचा असतो तेव्हा सारा प्रश्न एका गट नंबरापुरता आणि एका खातेदारापुरता उरतो. जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हे दोन्ही कायदे 1966 सालचे. पण पवनचक्कीच्या बाबतीत पहिला बोलतो आणि दुसरा गप्प राहतो. संहितेच्या कलम 44 खाली जिल्हाधिकारी बिगरशेतीचा हुकूम देतो. मागाहून घातलेल्या कलम 44-अ ने तर वीजप्रकल्पांनाही वास्तविक औद्योगिक वापराच्या व्याख्येत घेतले, आणि विहित अटी पुऱ्या होतात तेथे पूर्वपरवानगी काढून टाकून, वापर सुरू झाल्यावर तीस दिवसांत तहसीलदाराला खबर द्यावी एवढेच ठेवले. नियोजनाच्या बाजूने पाहावे तर अपारंपरिक ऊर्जेची निर्मिती शेतीविभागातही चालते असे 2020 ची एकत्रिकृत नियमावली मानते, म्हणजे झोन बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 2006 च्या पर्यावरणीय आघात-मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा नाही, त्यामुळे जनसुनावणी नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 साली उद्योगांची रंगवार प्रतवारी लावली तीत पवनचक्कीचा रंग पांढरा, म्हणून संमतीपत्रही नाही. कोणता मनोरा कोठे येणार हे एकत्र दाखवणारा नकाशा अवश्य असतो; पण तो कंपनीच्या कचेरीत असतो, चावडीवर नसतो. चावडीवर तो लावावा, आणि मनोरा उभा राहण्यापूर्वी लावावा, एवढाच माझा दाखला.

पुरस्कर्ता : आपण ज्याला नकाशाचा अभाव म्हणता तो मला निसर्गाने आखून दिलेला नकाशा वाटतो. इस्पितळ रामदासपेठेत नको तर धंतोलीत, धंतोलीत नको तर वर्धा रोडला हलवता येते. वारा असा हलत नाही. त्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, आणि वेग थोडासा घटला तर हिशेबच कोसळतो. म्हणून घाटमाथ्याच्या ज्या कडेवर चक्की लाभते, तिच्यापासून कोसभर आत सरकल्यावर ती लाभत नाही. आपल्याकडे चिखलदऱ्याजवळ मोथ्याला महाऊर्जेने प्रात्यक्षिकादाखल चक्क्या उभारल्या. विदर्भात चक्की पाहायची तर बहुधा तेथेच जावे लागते, आणि याचे कारण विदर्भाविषयीची सरकारी अनास्था हे नसून वारा हेच आहे, जरी पहिले कारण सांगण्याचा मोह आपल्याला नेहमी होतो. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर, धुळ्याला साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, ही ठिकाणे कोणा मंत्र्याच्या मर्जीने ठरली नाहीत. आता त्यावर आपण माणसांचा दुसरा नकाशा घालणार. आणि तसा नकाशा घातल्यावर काय होते ते जगाने पाहिले आहे. बव्हेरियाने 2014 साली नियम केला की मनोऱ्याच्या उंचीच्या दसपट अंतर वस्तीपासून सोडावे. दोनशे मीटरच्या यंत्राला दोन किलोमीटर! कंपासाने वर्तुळे काढून पाहिली तर त्या प्रांतात चक्की उभी करायला जागाच जवळजवळ उरली नाही. इंग्लंडने 2015 साली नियोजनाच्या धोरणपत्रात अशी काही वाक्ये घातली की स्थानिक विरोधाचा एक सूरही प्रकल्पाला मारक ठरावा. ती अट निघायला 2024 चा जुलै उजाडला. नकाशाच्या नावाने आलेली ही कुलुपे होती, आणि किल्ली ज्यांच्या हाती होती त्यांना कोळशाच्या खाणीशेजारी राहावे लागत नव्हते.

साशंक : आपण बव्हेरिया सांगितलात आणि जर्मनी अर्धाच सांगितलात. त्याच देशाने 2022 साली कायदा केला की 2032 अखेर देशाच्या भूमीपैकी दोन टक्के जागा पवनऊर्जेसाठी प्रांतांनी राखून ठेवलीच पाहिजे, आणि जो प्रांत ती राखणार नाही त्याला आपले अंतराचे नियम पुढे करता येणार नाहीत. हाही झोनच, पण हा मनाई करणारा नाही, नेमून देणारा आहे. येथे येऊ द्या आणि तेथे येऊ देऊ नका, अशी दोन्ही वाक्ये जो एकाच दमात बोलतो तोच खरा आराखडा. आपल्याकडे पहिले वाक्य कंपनी बोलते, दुसरे वाक्य बोलायला कोणीच नाही. आणि हा प्रश्न घाटमाथ्यापुरता उरला आहे असेही समजू नका. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने महाराष्ट्राची क्षमता 100 मीटर उंचीवर मोजली ती सुमारे 45 हजार मेगावॉट. 120 मीटरवर मोजली ती 98 हजार. आणि 150 मीटरवर मोजली तेव्हा ती 1 लाख 74 हजारांच्या घरात गेली. प्रत्यक्षात उभे आहे ते पाच हजारांच्या आसपास. मनोरा जसजसा उंच होतो तसतशी सह्याद्रीची कडा सोडून चक्की सपाटीवर उतरते, आणि म्हणून आज बीड, धाराशिव, सोलापूरच्या काळ्या रानांत ती दिसू लागली. निसर्गाचा जो नकाशा आपण म्हणता तो यंत्राच्या उंचीबरोबर बदलतो. उद्या तो विदर्भाच्या सीमेपाशी येऊन पोचला तर आपल्या हाती तेव्हा तरी आराखडा असावा, की तेव्हाही आपण वाऱ्यालाच विचारणार?

पुरस्कर्ता : समजा आराखडा केला. त्यात लाल रेषा कोठे मारणार? अंतराचे म्हणाल तर केंद्राची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत : मनोऱ्याची उंची, अधिक पात्याच्या घेराचा अर्धा व्यास, अधिक पाच मीटर, एवढे अंतर रस्त्यापासून आणि इमारतीपासून सोडावयाचे, आणि आवाजाचा उपद्रव होऊ नये म्हणून वस्तीपासून 500 मीटर. आणखी काय हवे?

साशंक : ते अंतर यंत्र कोसळले तर कोणाच्या डोक्यावर पडेल याचा हिशेब आहे. यंत्र न कोसळता जे घडते त्याचा हिशेब त्यात नाही. चाळकेवाडीच्या पठाराकडे पाहा. जांभा खडकाचा तो सडा : मातीचा थर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही, पावसाळा उलटला की गवतात रानफुले, आणि उन्हाळ्यात तापलेल्या दगडांवर गळ्याशी निळी-काळी-केशरी पिसाऱ्यासारखी पाळ फुलवून बसलेले सरडे. सारडा सुपर्बा हे त्यांचे शास्त्रीय नाव, आणि ते शास्त्राला दिले गेले 2016 साली, म्हणजे त्या पठारावर चक्क्या फिरू लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तेथे चक्क्यांखालचा भाग आणि चक्क्यांवाचूनचा भाग ताडून पाहिला आणि 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी. ससाणे-घारींचा धाक नाहीसा झाल्यामुळे सरड्यांची संख्या वाढलेली. पण ते सरडे अंगाने रोड, रंगाने फिके, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत न पळणारे. धूर नाही, राख नाही, यंत्राने एकाही सरड्याला स्पर्श केला नाही, तरी पठारावरच्या जीवनाची सारी उतरंड हलली. पांढऱ्या वर्गातल्या उद्योगाने हे केले! त्या पठारावर चक्की कोठवर न्यावी आणि कोठे थांबवावी हे ठरवायला जो अभ्यास हवा होता तो चक्की आल्यावर झाला. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 च्या अहवालात पश्चिम घाटाची संवेदनशीलतेप्रमाणे प्रतवारी लावली, आणि सर्वांत नाजूक श्रेणीत मोठे पवनप्रकल्प नकोत, दुसऱ्या श्रेणीत एकत्रित आघाताचा अभ्यास झाल्यावरच यावेत, असे सुचवले. भीमाशंकरच्या रानात, शेकरूच्या मुलखात, आंध्रा तलावाच्या परिसरात वनजमिनीवर चक्क्यांसाठी रस्ते फोडले गेले ते त्या समितीने पाहिले होते. पुढची कस्तुरीरंगन समिती पहिलीपेक्षा पुष्कळ मवाळ. तिनेही पवनऊर्जेला आघात-मूल्यांकनाच्या कक्षेत आणावे असे म्हटले. दोन समित्यांचे एकमत होण्याचे प्रसंग आपल्याकडे किती थोडे!

पुरस्कर्ता : सरड्याविषयी मी हसणार नाही, शिकारी पक्षी उठून गेले ही गोष्ट हसण्यासारखी नाही. पण तुलना कोणाशी करायची? आपण ते पठार चक्कीवाचूनच्या पठाराशी ताडता. मी ते वणीच्या उघड्या खाणीशी ताडतो, जेथे सरडाही नाही, ससाणाही नाही आणि मातीही नाही. चक्कीने न दिलेली वीज कोणीतरी देणारच आहे. वारा पावसाळ्यात वाहतो आणि महाराष्ट्राची विजेची मागणी चढते मार्च-मेमध्ये, म्हणून ही वीज नको तेव्हा येते, असा आक्षेप आपल्या ओठांवर आलेला मला दिसतो. त्याला उत्तर नागपूरकरानेच द्यावे. पावसाळ्यात उघड्या खाणींत पाणी भरते, कोळसा ओला होतो, उत्पादन घटते, आणि त्याचे पर्यवसान 2021 च्या ऑक्टोबरात झाले तसल्या टंचाईत होते. ज्या महिन्यांत आपल्या खाणी पाण्याखाली असतात नेमक्या त्याच महिन्यांत घाटमाथ्यावर नैऋत्येचा वारा भरात असतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या या प्रदेशाला यापेक्षा सोयीचा जोडीदार कोठे मिळणार होता? आणि चाळकेवाडी-वनकुसवड्याची जुनी यंत्रे म्हणाल, तर त्यांतली पुष्कळशी साडेतीनशे किलोवॉटची, वारा पाहून उभी केलेली कमी आणि प्राप्तिकरातली घसाऱ्याची सूट पाहून उभी केलेली अधिक. ही गोष्ट मी मान्य करून टाकतो. त्यांच्या जागी तीन मेगावॉटचे एक यंत्र आले तर आठ जुने मनोरे उतरवता येतील. पठार मोकळे करण्याचाही मार्ग नवे यंत्र हाच आहे.

साशंक : आठ मनोरे आठ मालकांचे असतात, आणि आठ जागा आणखी कोणाच्या. ते उतरवण्यासाठी कोणाला भेटायचे हे ठरवायलाच एक महसूल मंडळ लागेल.

(हा संवाद लिहून काढणाऱ्याला येथे मध्ये तोंड घालण्याचा मोह आवरत नाही. दोन्ही सद्गृहस्थ सरड्यावर आणि घसाऱ्यावर आले म्हणजे एकमेकांना सवलती देऊ लागतात आणि चर्चा सभ्य होते. पण ज्याच्या बांधाला लागून मनोरा उभा राहतो त्याचे नाव अजून निघालेले नाही. नकाशाच्या बाबतीत मी साशंकाच्या बाजूचा आहे, कोळशाच्या बाबतीत पुरस्कर्त्याच्या. आणि दोघांनाही ज्या प्रश्नापाशी अडखळावे लागते तो यापुढचा.)

पुरस्कर्ता : तर मग मनोरा ज्याच्या रानात उभा राहतो त्याच्याविषयी बोलू. माण, खटाव, जत, आटपाडी, केज : हे सारे कोरडवाहू तालुके. तेथला दोन-चार एकरांचा खातेदार बाजरी-तुरीवर जगतो, म्हणजे पावसावर जगतो, म्हणजे तीन वर्षांतून एक वर्ष जगतच नाही. त्याच्या माळरानाला कोणी भाडेपट्ट्याने दर साल पैसे देऊ केले, तर पाऊस न पडताही येणारे असे उत्पन्न त्या घरात पहिल्यानेच येते. मनोऱ्याचा पाया वीसेक मीटर व्यासाचा. त्याभोवती उभे करण्यापुरती जागा आणि रस्ता सोडला तर बाकीच्या रानात नांगर चालतो, जनावरे त्या मनोऱ्याच्या सावलीला बसतात, आणि गावातला एखादा पोरगा पहारेकरी म्हणून चिकटतो. या माणसाच्या जमिनीचे काय करायचे ते आपण ग्रामसभेला ठरवू देणार! ग्रामसभा म्हणजे कोण? नदीकाठचा बागायतदार, सोसायटीचा चेअरमन, आणि ज्याच्या ट्रॅक्टरवाचून पेरणी होत नाही तो. चांगल्या जमिनीवाल्याने माळाच्या मालकाला आपला उत्कर्ष करून घेण्यास मनाई करावी, यालाच आपण लोकेच्छा म्हणणार काय? शिवाय त्याच ग्रामसभांतून, पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही, असे ठराव करण्याची भाषा 2003-04 च्या दुष्काळात सातारा-सांगलीच्या पूर्वभागात चालली होती. मनोऱ्याच्या टोकापासून पावसाळी ढगाचा तळ कितीतरी वर असतो, आणि मान्सूनचा पाऊस अरबी समुद्रावर ठरतो, पात्यावर ठरत नाही. अशा समजुतींच्या हाती आपण राज्याची वीज सोपवणार?

साशंक : ढगाची समजूत चुकीची आहे, यात वाद नाही. पण ती कशातून उपजली? डोंगरावर परक्या माणसांनी अजस्र यंत्रे आणून उभी केली, ती कशासाठी, कोणाची, किती दिवसांची, हे गावाला कोणी सांगितले नाही. दोन वर्षे पाऊस आला नाही. आणि ज्या गोष्टीचे कारण कोणी सांगत नाही तिच्याशी, ज्या संकटाचे कारण कळत नाही ते जोडले गेले. आधी चावडीवर नकाशा लावून चार प्रश्नांची उत्तरे दिली असती तर ढगांवर आळ येता ना. बागायतदाराचे म्हणणे मात्र मला टोचले, आणि ते टोचलेले मी लपवणार नाही. ग्रामसभा ही निर्मळ संस्था आहे असा माझा दावा नाही. परंतु भाडे एका गट नंबराला मिळते आणि परिणाम पंचक्रोशीला भोगावे लागतात, हे तरी मान्य कराल? पाते वाहून नेणारे वाहन वळायचे म्हणून पाणंदीच्या तोंडाची बाभळ तोडली जाते, कोणाच्या तरी गोठ्याचा कोपरा उतरवला जातो, रस्ता मुरूम टाकून रुंद होतो तो शेजाऱ्याच्या बांधावरून. मनोऱ्यापासून उपकेंद्रापर्यंत तारा जातात त्या ज्यांच्या शेतांवरून जातात त्यांना भाडे नाही. त्यांना पिकाची नुकसानभरपाई, आणि तीही मागितल्यावर. 2003 च्या वीज कायद्याने 1885 च्या तार कायद्यातले अधिकार या कामासाठी देण्याची सोय केली आहे, आणि ते अधिकार हाती असले की तारेला शेतकऱ्याची संमती लागत नाही. रात्री पात्यांचा एकसुरी फूत्कार ज्याला ऐकू येतो तो बहुधा भाडे घेणारा नसतो, कारण भाडे घेणारा पुष्कळदा त्या गावात राहतच नाही. तो पुण्यात असतो, किंवा आपल्यासारखा एखाद्या पेठेत असतो, आणि सातबारावर नाव तेवढे त्याचे असते.

पुरस्कर्ता : शेजाऱ्याला मोबदला द्या. तारांखालच्या जमिनीला भाडे द्या. हे सारे पैशाने सुटणारे प्रश्न आहेत.

साशंक : पैशाने सुटणारे, की पैशाने सुरू होणारे? जमीन कंपनी स्वतः घेत नाही; गावात एजंट उतरतो. साठेखत त्याच्या नावे, मुखत्यारपत्र त्याच्या नावे, इसाराचे चार पैसे हातावर, आणि शेजारच्या गटाला काय दर दिला तो कोणाला कळू द्यायचा नाही, ही त्या धंद्याची पहिली अट. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून संहितेत कलम 36-अ आहे. ज्यांच्या वहिवाटीची नोंदच सरकारने कधी केली नाही त्यांना ते कलम वाचवू शकत नाही, हे साक्री-नंदुरबारकडच्या पठारांवर वनजमिनीच्या दाव्यांवरून झालेल्या तंट्यांनी दाखवले. जेथे दर गुप्त, नकाशा गुप्त आणि सौदा एकट्या-दुकट्याशी, तेथे कंपनीला वाट मोकळी करून देणारा आणि वाट अडवणारा असे दोन्ही धंदे एकदमच उगवतात. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी त्या हत्येचा संबंध तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात जोडला आहे. खटला न्यायालयापुढे आहे, दोष कोणाचा ते तेथे ठरेल. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्या व्यवहारात सार्वजनिक असे काही ठेवलेच नाही, त्यात गावाच्या सरपंचाला उभे राहायला कायद्याची जागा कोठे होती?

पुरस्कर्ता : मस्साजोगचे नाव घेतल्यावर वाद करण्याची इच्छा उरत नाही. तरी एक म्हणतो. खंडणी पवनचक्कीने जन्माला घातली नाही. वाळूला, मुरुमाला, राखेला, रस्त्याच्या ठेक्याला ती आधीपासून होतीच. आपण चक्कीला जेवढ्या परवानग्या वाढवाल तेवढे अडवणुकीचे नाके वाढतील. ग्रामसभेचा ठराव हाही एक नाकाच होईल. कंपनीला परवानगी एका हुकुमाने मिळते म्हणून आपल्याला राग. पण तीच परवानगी बारा ठिकाणांहून मिळवायची झाली तर ती मिळवून देणाऱ्यांचीच भरभराट होईल. आणि पुन्हा मी माझ्या मूळ गाऱ्हाण्यावर येतो : कोळशाला आपण हे प्रश्न कधी विचारलेत? 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली सरकार अधिसूचना काढते आणि जमीन सरकारची होते. तेथे खातेदाराची संमती नाही, ग्रामसभेचा ठराव नाही, आणि 2013 च्या भूसंपादन कायद्यातले संमतीचे कलमही त्या कायद्याला लावलेले नाही. एकाला मुळीच विचारायचे नाही आणि दुसऱ्याने सर्वांना विचारावे. या विषमतेने जिंकतो तो कोळसाच.

साशंक : कोळशाने विचारले नाही म्हणून वाऱ्यानेही विचारू नये, हे माप आपण खालच्या बाजूने जुळवता, मी ते वरच्या बाजूने जुळवू पाहतो. उमरेडच्या माणसालाही विचारा, मस्साजोगच्याही. पण एक फरक आपल्या बोलण्यातून आत्ताच मला दिसला, आणि तो माझ्या बाजूचा नाही. कोळशात गावाला शत्रू माहीत असतो : अधिसूचना राजपत्रात येते, खाते ठाऊक असते, मोर्चा कोणत्या कचेरीवर न्यायचा हे कळते. वाऱ्यात सगळे स्वेच्छेचे आहे, प्रत्येक सही राजीखुशीची आहे, आणि तरी गाव शेवटी म्हणते की आम्हाला कोणी विचारले नाही. जुलूम नसताना संमती नाही, ही अवस्था आपल्या कायद्याला ओळखू येत नाही. तिच्यावर उपाय झोन हाच, असे मी सुरुवातीला ठामपणे म्हणालो. आता तितके ठामपणे म्हणता येत नाही.

पुरस्कर्ता : मी एक उपाय सुचवतो, आणि तो माझ्या पक्षाला महाग पडणारा आहे. डेन्मार्कने 2009 पासून दशकभर असा नियम ठेवला होता की नव्या पवनप्रकल्पाचे किमान 20 टक्के भाग मनोऱ्यापासून साडेचार किलोमीटरांत राहणाऱ्यांना प्रथम देऊ करावेत. आपल्याकडे श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटनांनी सातारा-सांगलीकडे पवनचक्कीग्रस्तांची आंदोलने केली त्यांतही नुसत्या एकरकमी भरपाईपेक्षा अधिक काही मागितले गेले. गावाला हिस्सा द्या. खातेदाराला नव्हे, गावाला, गट नंबर असो वा नसो, भूमिहीनालाही. मग नकाशा लावायला कंपनीच चावडीवर येईल.

साशंक : हिस्सा द्याल, नकार देण्याचा अधिकार द्याल काय?

पुरस्कर्ता : नाही. प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर प्रत्येक गाव शेजारच्या गावाकडे बोट दाखवील, आणि वीज चंद्रपूरहूनच येत राहील.

साशंक : मग नकाराधिकारावाचूनचा हिस्सा म्हणजे आगाऊ दिलेली तोंडबंदी होते. उलट, हिश्शावाचूनचा नकाराधिकार म्हणजे बागायतदाराच्या हातचे हत्यार होते, हे आपले म्हणणे मी नाकारू शकत नाही. म्हणजे नकाशा असावा यावर आपले जमले. नकाशावर पेन्सिल कोणाच्या हाती द्यावी, तेथे येऊन आपण दोघेही थांबलो. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती दिली तर ती मुंबईहून हलते, ग्रामसभेच्या हाती दिली तर ती वाड्यातून हलते, आणि खातेदाराच्या हाती आज आहेच, ती एजंट हलवतो.

पुरस्कर्ता : तरी तिघांत मी खातेदाराला निवडीन, त्याला निदान पैसे मिळतात.

साशंक : आणि मी ग्रामसभेला, तिथे निदान चारचौघांदेखत बोलावे लागते.

पुरस्कर्ता : चारचौघांदेखत! कायदा तेवढ्यावरच समाधान मानतो. ग्रामसभेची गणपूर्ती शेकडा पंधरा मतदार किंवा शंभर, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही.